सात नंबरच्या पेटीवर कोण बसलं?

मिलोय्काच्या मधपेटीच्या वजनाची रेघ साधी, सरळ निघाली, तेव्हा ओझबोल्टने संगणकासमोर बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाला, "वाचलो!"

मांजरीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. या घरात इतका मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

ओझबोल्ट राजधानीतल्या आकडेवारीच्या कचेरीतून निवृत्त होऊन झालिप्येला, आपल्या गावी, परत आला होता. उंच, बारीक, बोलण्याआधी घसा खाकरणारा आणि खाकरून झाल्यावर बहुतेक वेळा न बोलणारा. गावाच्या मधमाशी मंडळात चौदा सभासद. यंदा मंडळाने प्रत्येकाच्या एकेका पेटीखाली विजेचा काटा बसवला होता. लिंडनची झाडं फुलली की कोणाच्या माश्या किती मध आणतात ते पेटीच्या वजनावरून कळायचं, आणि ज्याची पेटी सगळ्यात जास्त भरेल त्याला मंडळाची मातीची सुरई मिळायची. चौदा काटे, प्रत्येकाची एक फाइल; काट्यांचे आकडे बिनतारी येऊन आपापल्या फाइलमध्ये जमायचे. चौदाही फाइल्स वाचून हिशेब मांडण्याचं काम साहजिकच ओझबोल्टकडे आलं. त्याला आर ही भाषा येत होती. ही एका अक्षराच्या नावाची संगणकाची भाषा. तिच्यात तो माणसांच्या भाषेपेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोलायचा.

"एकेक फाइल उघडायची गरजच नाही," त्याने सभेत सांगितलं होतं. "फोल्डरकडे बोट दाखवायचं. सगळ्या आपोआप एकामागून एक वाचल्या जातात."

"आणि चुकलं तर?" अध्यक्ष गाब्रियेलने विचारलं होतं.

"तर मी चुकलो असेन," ओझबोल्ट म्हणाला होता. लोक हसले. त्याने विनोद केला नव्हता.

'वाचलो' म्हणण्याचं कारण असं, की लिंडन ऐन बहरात असताना एका संध्याकाळी तो मिलोय्काकडे काट्याची बॅटरी बदलायला गेला होता. मिलोय्का पोस्टातली. नवऱ्यामागे तिने त्याच्या माश्या सांभाळल्या आणि पत्रं वाटता वाटता साऱ्या गावाची फिरकी घेणंही चालू ठेवलं. तिच्या काट्यावरची फळी दोन पेट्या मावतील एवढी रुंद. पेटी मात्र आता एकच होती. उरलेल्या अर्ध्या फळीवर, माश्यांच्या वाटेत येणार नाही अशा मागच्या अंगाला, ती चहा घेऊन बसली आणि म्हणाली, "बसा की हो, उभे काय? तुम्ही काय कर वसूल करायला आलात?"

तो बसला. काटा त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता, तरी आपण काट्यावर बसतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कारण डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. ते वाक्य म्हणायला तो उठला, धीर सुटला, बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मिलोय्काच म्हणाली, "अहो, तुम्हाला काय मुंग्या चावतायत? विचारायचं ते विचारा एकदाचं."

त्याने विचारलं.

तिने कप फळीवर ठेवला. मग म्हणाली, "संत आनाच्या जत्रेनंतर सांगते. आधी मुलाला माझ्या तोंडून कळू दे. आणि ऐका, तोवर या गावात एका माणसाला जरी कळलं ना, तर तुम्ही विचारलं नाही आणि मी ऐकलं नाही. माझ्या मुलाला गावाकडून कळलेलं मला चालणार नाही."

काट्याची आठवण त्याला घरी पोचल्यावर झाली. रात्री झोप नाही. मग त्याने ठरवलं: फाइल्स वाचून झाल्या, की दोन नंबरच्या, म्हणजे मिलोय्काच्या, रेघेत त्या संध्याकाळचा उंचवटा असेल तो गुपचूप पुसायचा. आयुष्यात त्याने एकही आकडा पुसला नव्हता. हा पहिला असणार होता.

आणि आता रेघ समोर होती. उंचवटा नाही की खळगा नाही. जरा मरगळलेली, गरीब रेघ, पण स्वच्छ. त्या संध्याकाळी बॅटरी नीट बसली नसेल. त्या वेळी लक्ष तरी कुठे होतं? पाप करायची वेळच आली नाही, या आनंदात त्याने बाकीच्या तेरा रेघांकडे नजरसुद्धा टाकली नाही. संगणक मिटला आणि मांजरीला सायीची वाटी दिली.

मध-संध्या, म्हणजे मंडळाची निकालाची मेजवानी, रविवारी, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये. बंब बाहेर काढून आत लांबच लांब टेबलं मांडली होती. पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेली गोड गुंडाळी, मोहरी लावलेले सॉसेज, आणि मेदित्सा, म्हणजे मधाची दारू, जिचा पहिला घोट औषधासारखा लागतो आणि तिसऱ्या घोटानंतर औषधाची गरज उरत नाही. गाब्रियेलची फार इच्छा होती की सगळं भिंतीवर दिसावं, टीव्हीवरच्या स्कीच्या शर्यतीसारखं, अगदी या घटकेपर्यंतचं. म्हणून ओझबोल्टने संगणकाला लावून दिलं होतं, की दर मिनिटाला चौदाही फाइल्स पुन्हा वाचायच्या आणि चित्र नवं करायचं.

कोपऱ्यात लोव्रेंत्स रंगारी कागद-कोळसा घेऊन बसला होता. त्याचं बसणं हीच सगळ्यांची धास्ती. झालिप्येत रीत अशी, की वर्षातला सगळ्यात मोठा वेडेपणा पेटीच्या दर्शनी फळीवर रंगवायचा आणि ती फळी रस्त्याकडेला मंडळाच्या पेट्या ठेवायचं जे माशीघर आहे त्याला लावायची. कायमची. गेल्या वर्षीच्या फळीवर गाब्रियेल होता: चर्चच्या शिडीवर, मागे माश्यांचा थवा, पँट खालच्या पायरीवर.

"यंदा कोण रे, लोव्रेंत्स?" कोणीतरी विचारलं.

"अजून कोणी मेहरबानी केली नाही," लोव्रेंत्स म्हणाला.

दिवे मंद झाले. भिंतीवर चौदा रेघा उमटल्या, प्रत्येकीपुढे नाव. दहा नंबरची, गाब्रियेलची, सगळ्यांच्या वर.

"बघा!" गाब्रियेल उठून उभा राहिला. "म्हणत होतो की नाही? आणि यंत्र चुकत नाही!"

"ते सोड," मागून आवाज आला. "सात नंबरला काय झालंय?"

सगळ्यांनी सात नंबरकडे पाहिलं. रेघ शहाण्यासारखी चढत चढत आली होती, आणि मध्येच तिच्यावर एकदम मनोरा. वर, आणखी वर, मग थोडी खाली, वर, खाली, वर.

"एवढा मध?"

"मध कसला! एका झटक्यात? ही माणसं आहेत. पेटीवर माणसं बसलीयेत."

"दोन," गाब्रियेलने भिंतीवर बोट ठेवलं. "ही पायरी एक माणूस. ही दुसरी पायरी, दुसरा. संध्याकाळची वेळ. सात नंबरची पेटी कोणाची?"

नाव भिंतीवरच होतं. सात नंबर म्हणजे फादर सिल्वेस्टर.

आधी एकजण खुदकला. मग टेबलाच्या टोकापासून हसू पसरत आलं, आणि मग ती शेड अशी हसली की बाहेरच्या बंबाची घंटासुद्धा किणकिणली असावी. फादरच्या आवारात फादरखेरीज एकच माणूस राहायचं: त्यांच्या स्वयंपाकीणबाई तेरेझियाकाकू. सत्तरी उलटलेल्या, आणि त्यांच्या हातात त्या क्षणी वाढायचा डाव होता.

"हसतोस काय रे मेल्या!" त्या गाब्रियेलकडे वळल्या. "गुडघे बघ माझे! मी त्या फळीवर बसले तर मला उठवायला बाहेरचा बंब आणावा लागेल!"

"म्हणून तर वर-खाली, वर-खाली झालं असेल, काकू! फादर उठवत असतील!"

फादर सिल्वेस्टर शांत, बुटके गृहस्थ. दर गुरुवारी ओझबोल्टशी बुद्धिबळ खेळायचे, आणि त्याचा वजीर मारताना त्याची माफी मागायचे. त्यांचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला होता. "मुलांनो," ते म्हणाले, "मी त्या पेटीजवळ रोज जातो. पण बसलो असं काही मला..." पुढचं हसण्यात बुडून गेलं. लोव्रेंत्सचा कोळसा कागदावर धावू लागला होता. जत्रेला बिशप येणार होते, आणि माशीघर नेमकं रस्त्याकडेला.

ओझबोल्ट मात्र हसत नव्हता. तो मनोऱ्याकडे बघत होता. वर, खाली, वर, खाली, वर. ते उठणारे-बसणारे गुडघे त्याचेच होते.

आणि चूक त्याला कळली. अंगावर गार पाणी पडावं तशी कळली. संगणक फाइल्सची नावं शब्दकोशासारखी लावतो, डावीकडून एकेक अंक बघून. त्याच्या लेखी एकनंतर दोन येत नाही. एकनंतर दहा येतो, मग अकरा, बारा, तेरा, चौदा, आणि मग कुठे दोनची पाळी. म्हणजे दोनची फाइल सातव्या जागी. ओझबोल्टने मात्र नावं साधी, माणसांसारखी चिकटवली होती: एक, दोन, तीन. कचेरीत नव्या पोरांना पहिल्याच दिवशी तो हे शिकवायचा. आकडे कायम दोन अंकी लिहा, शून्य एक, शून्य दोन. नाहीतर एक दिवस भर बाजारात फजिती होईल. पोरं माना डोलवायची.

म्हणजे मनोरा मिलोय्काच्या काट्यावरचा होता. मिलोय्काच्या नावापुढची ती स्वच्छ, मरगळलेली रेघ दहा नंबरची, खुद्द गाब्रियेलच्या आळशी माश्यांची.

त्याने मिलोय्काकडे पाहिलं. ती टेबलाच्या पलीकडे बसली होती. ती हसत नव्हती. पोतित्साच्या तुकड्यातला एकेक अक्रोड वेचून बाजूला ठेवत होती, आणि अक्रोड तिला फार आवडायचा. तिनेही मनोरा ओळखला होता.

बोललं तर फादर सुटतील. बोललं तर गावाला कळेल, आणि मग त्याने विचारलं नव्हतं आणि तिने ऐकलं नव्हतं.

"ओझबोल्ट," फादर त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "यंत्राची काही चूक होऊ शकते का रे?"

"नाही, फादर," ओझबोल्ट म्हणाला.

फादरनी मान हलवली आणि ते परत आपल्या खुर्चीकडे निघाले. चालण्यात काहीतरी इतकं लहान झालं होतं, की ओझबोल्टने घसा खाकरला. आणि त्या खाकरण्यानंतर, झालिप्येच्या इतिहासात प्रथमच, तो बोलला.

"यंत्राची नाही. माझी आहे. नावं चुकीच्या फाइलींना लागलीत. सात नंबरची रेघ फादरची नाही."

लोव्रेंत्सचा कोळसा कागदावर थांबला.

"मग कोणाची?" गाब्रियेलने विचारलं.

 ओझबोल्ट संगणकावर वाकला. नाव आपल्या यादीतून न घेता प्रत्येक फाइलच्याच नावातून घे, एवढंच लिहायचं होतं. एक ओळ. बोटं तीनदा घसरली. मग त्याने कळ दाबली आणि डोळे मिटले.

भिंतीवर रेघांनी जागा बदलल्या. गाब्रियेलच्या नावाची सगळ्यांत वरची रेघ उडून पाच नंबरवर, लोव्रेंत्स रंगाऱ्याकडे गेली. गाब्रियेल स्वतः तळाला गेला. फादर सिल्वेस्टर मधोमध, नीटनेटके, सज्जन. आणि मनोरा दोन नंबरवर जाऊन उभा राहिला.

"यंत्राचा काय भरवसा!" गाब्रियेल ओरडला. पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"मिलोय्का!" तेरेझियाकाकूंनी डाव खाली ठेवला, आणि त्यांच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. "बाई गं! कोणाबरोबर?"

"आणि खबरदार, कोणी ते आकडे वाचले तर!" मिलोय्का उभी राहिली. "त्यातली एक पायरी माझी आहे. जो कोणी ती किलोत मोजेल, त्याची पत्रं मी वर्षभर शेजाऱ्याकडे टाकीन!"

हास्याचा असा लोट आला की ती स्वतःही क्षणभर त्यात वाहून गेली. पण आता शेडला धीर नव्हता. दुसरी पायरी कोणाची? मधाचे डबे मोजायचा मोठा काटा कोपऱ्यात होताच. बंबाचा ड्रायव्हर त्यावर आधी चढला, "मी नाही, मी फार जड!" मग दुसरा, "मी नाही, पण मला आवडलं असतं!" पुरुषांची रांग लागली. ज्यांची बायको शेजारी बसली होती तेही रांगेत घुसले.

"थांबा रे गाढवांनो," तेरेझियाकाकू म्हणाल्या. त्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन, चष्मा वर करून मनोरा न्याहाळत होत्या. "वजन कशाला हवं? हा माणूस बघा. बसला. उठला. बसला. पुन्हा उठला. पुन्हा बसला. आपल्या गावात असा कोण आहे, ज्याला एक वाक्य बोलायला एवढ्या उठाबशा काढाव्या लागतात?"

रांगेतल्या सगळ्या माना एकाच वेळी वळल्या.

ओझबोल्टने घसा खाकरला. काही बोलला नाही.

मग जे झालं ते आवाज म्हणूनच त्याच्या लक्षात राहिलं. बाकं मागे सरली, कोणी त्याची पाठ थोपटली, अकॉर्डियनवाल्याने लग्नाची चाल सुरू केली. फादरनी त्याचे दोन्ही हात धरले आणि वजीर मारल्यासारखी माफी मागू लागले. ओझबोल्टला त्यातलं काही नको होतं. तो माणसांच्या खांद्यांवरून मिलोय्काचा चेहरा शोधत होता. तो तिला सांगणार होता, की मी विचारलं नाही आणि तुम्ही ऐकलं नाही. अट अटीसारखी.

तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच थांबली.

मनोऱ्यानंतर रेघ संपली नव्हती. मनोऱ्याला लागूनच एक लांबट पठार होतं: तो स्वतः. ती घरात गेल्यावर तो अंधार पडेपर्यंत एकटाच तिथे बसला होता. पण त्याच्यापुढे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणखी एक पायरी. एकटी, हलकी. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. आणि त्याच्या पुढच्या. लिंडन गळून गेला तरी रेघेवर रोज त्याच वेळी ती पायरी चढत होती, तेवढीच, जराही वर-खाली न होता. कालच्या संध्याकाळपर्यंत. आकडे त्याच्या फोल्डरमध्ये पहिल्यापासून होते. फक्त फादरच्या नावावर.

त्याने वळून पाहिलं. मिलोय्का त्याच भिंतीकडे बघत होती, त्याच्या पठाराकडे.

"तुम्ही एवढा वेळ बसून होतात?" तिने विचारलं. अकॉर्डियन आपोआप थांबलं होतं. "मला वाटलं, लगेच पळाला असाल."

"आणि तुम्ही रोज..." ओझबोल्ट म्हणाला.

"पाय दुखतात माझे! पत्रं वाटून!" तिचे कान लाल झाले होते. "कुठेतरी बसायला नको?"

"तुझ्या अंगणात तीन बाकं आहेत, मिलोय्का!" मागून कोणी ओरडलं.

तिने पर्स काढली, फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत नंबर लावला. "अरे, मी बोलतेय. जेवलास का? बरं. ऐक, मी लग्न करतेय. नाही, पिऊन नाही. थोडी पिऊन. तो आकडेवाला. हो, तोच, खाकरणारा." तिने फोन कानापासून दूर धरला, कारण पलीकडे कोणीतरी खूप मोठ्याने हसत होतं. "म्हणतो, त्याला जत्रेच्या वेळेपासूनच शंका होती. गेल्या वर्षीच्या जत्रेच्या!" मग ती ओझबोल्टकडे वळली. "झालं. गावाआधी नाही कळलं, पण गावाबरोबर कळलं. चालवून घेईन. चला आता इथून. हे लोक आपल्याला काट्यावर चढवतील."

ते दोघं बंबाच्या बाजूने बाहेर पडले आणि टेकडी चढू लागले. ऊन अजून होतं. ओझबोल्टला चक्कर आल्यासारखं होत होतं आणि ती चक्कर संपू नये असं वाटत होतं. अंगणात माश्या घरी परतत होत्या. मिलोय्का फळीवर बसली. तो शेजारी बसला.

खाली, अग्निशमन दलाच्या शेडमधून एक आरोळी उठली. सगळं गाव एकदम ओरडावं तशी. पाठोपाठ अकॉर्डियन.

ओझबोल्ट ताठ झाला. "अहो," तो म्हणाला, "संगणक चालूच राहिला तिकडे. दर मिनिटाला... सगळ्या फाइल्स... ते बघतायत आपल्याला."

"बघू देत."

पण सवय जाते कुठे? लाजून तो अर्धा उठला, बंद करायला पळावं की काय म्हणून, आणि तसाच वाकून उभा राहिला.

जरा वेळाने टेकडीखालून, शेडच्या उघड्या दारातून, चौदा घरांचा आवाज एकत्र आला, आणि त्यात तेरेझियाकाकूंचा सगळ्यांच्या वर:

"खाली बस रे!"

तो बसला.